दाब, धर

पहिल्यांदा जाणवलं ते पोस्टापाशी.
पाय टेकवला तर पेडल खाली खालीच गेलं,
सैल भिजवलेल्या पिठात बोट जावं तसं.
गाडी थांबली,
पण विचार करून थांबली.

फियाट सहाशे. माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली.
आम्ही ब्रेकला फ्रेनो म्हणतो.
इटालियन गेले, शब्द राहिला,
आणि राहिला तो घाट :
अस्मारातून निघालं की मसावाच्या समुद्रापर्यंत
साडेसात हजार फूट नुसता उतार.
शनिवारी त्या उतारावरून मला न्यायची होती
नवरीची आई, तिच्या दोन बहिणी
आणि घरी गाळलेल्या सुवाचे तीन कॅन.

गिरमाय, माझा दीर, गॅरेजातून हात पुसत आला.
दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं
पैशांवरून. आकडा सांगत नाही,
लाज वाटावी इतका तो लहान.
त्यानं दार उघडलं, वाकून हातानंच पेडल दाबलं.
एकदा : पाताळात.
लगेच दुसऱ्यांदा : जरा वर.
तिसऱ्यांदा : वर, पण लिबलिबीत.
"हवा," तो म्हणाला.
मला नव्हे, पेडलला.

त्याचा पोऱ्या लष्करात गेलेला.
म्हणून पाय माझा, पाना त्याचा.
सर्वांत लांबचं चाक आधी, मागचं उजवं.
तो खाली, मी वर, मधे गंजका पत्रा.

दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
खाली पाना कुरकुरला, बाटलीत बुडबुड झाली,
पेडल तळाला टेकलं.
सोडू नको.
…
आता सोड.

पहिलं तेल करपल्या कॉफीसारखं निघालं.
मग तांबूस. मग मधाच्या रंगाचं.
चारही चाकं झाली, माझी पोटरी थरथरायला लागली,
आणि पेडल?
तसंच.

तो रिकाम्या डब्यावर बसून राहिला थोडा वेळ.
मग ब्रेकचे लायनर जवळ घेतले, टिचकी टिचकीनं,
चाक जेमतेम फिरेल इतके.
मग म्हणाला, नुसता पाय ठेव, हलवू नको.
मी घड्याळाकडे बघत बसले. पेडल बुडालं नाही.
म्हणजे मास्टर सिलिंडर शाबूत.
मग चिमटा घेऊन निघाला, एकेक रबरी नळी आवळत.
पुढची डावी : फरक नाही.
पुढची उजवी : नाही.
मागची उजवी : नाही.
मागची डावी आवळली
आणि माझ्या तळव्याखाली
पेडल दगड झालं.

बॅटरीच्या उजेडात त्यानं ती नळी पाहिली.
काळीभोर, चकचकीत, एक चीर नाही.
चिमटा काढला.
"ये खाली," म्हणाला, आणि स्वतः आत जाऊन बसला.

मी लग्नासाठी धुतलेल्या केसांनिशी
तेलाच्या डागावर पाठ टेकली,
नळी मुठीत घेतली
आणि आता सांगणारी मी होते :
दाब.

बेडकाच्या गळ्यासारखी फुगली.
सोडली की पुन्हा साधीभोळी.

वरून आवाज आला,
पत्र्यातून, त्यामुळे कुणाचाही असावा असा :
"ती मी बसवली. मागच्या वर्षी.
तुझ्या नवऱ्यानं पैसे चांगल्या नळीचे दिले होते."

ऑइल पॅनमधून एक थेंब सुटायच्या बेतात होता.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
सुटला. गालावर पडला.
"धर," मी म्हटलं.
त्यानं धरलं.
गरजेपेक्षा बराच वेळ मी त्याला धरायला लावलं.

दुकानं बंद झाली होती. दुसरी नळी
त्यानं आपल्याच गाडीची काढली,
आणि हवा काढायचं सगळं पहिल्यापासून,
दाब, धर,
शेजारच्या घरातला दिवा गेला तरी.

शनिवारी आर्बारोबाच्या खाली धुकं लागलं.
कॅन हिंदकळत होते, मावश्या गात होत्या,
एका वळणावर निवडुंगाची बोंडं विकणारी पोरं
रस्त्याच्या मधोमध उभी.
नवरीच्या आईनं माझा दंड पकडला.
मी पाय टेकवला.
पेडल वरच होतं.